वाटीतलं दूध आणि बळदातले उंदीर

मंडळी, आमच्या पुण्याच्या भाचीने मांजर पाळलंय. त्याचं पोट सारखं बिघडायचं. आज उलटी, उद्या पातळ शी. शेवटी तिने त्याला डॉक्टरकडे (जनावरांच्या हं!) नेलं. त्यांनी काय केलं, तर आधी दूध बंद. लगेच मला फोन. "मामा, आजी तर जन्मभर मांजरांना दूध-भाकरी कुस्करून घालायची. तिची मांजरं कशी टुणटुणीत असायची! मग चूक कोण, डॉक्टर की आजी?"

आता प्रश्न आमच्या आईवरच आला म्हटल्यावर हसून सोडून देता येईना. मी शाळेत मराठी शिकवलं, शास्त्राशी माझा संबंध बेताचाच. पण जुनंपानं वाचायची खोड आहे. तेव्हा म्हटलं, इतिहास काय सांगतो ते तरी पाहू.

आधी आपली भाषाच बघा. मराठीत मांजर दुधाशिवाय पाऊल टाकत नाही. ते डोळे मिटून दूध पितं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं. लोण्याच्या गोळ्यासाठी दोन मांजरं भांडतात आणि माकड गोळा मटकावतं. तेनालीरामाची गोष्ट तर आपण सगळ्यांनी वाचलेली. उंदीर फार झाले म्हणून कृष्णदेवरायाने घरोघर मांजर दिलं आणि त्याच्या दुधासाठी बरोबर गायही दिली. तेनालीरामाने मांजरापुढे कढत दूध ठेवलं, त्याचं तोंड भाजलं, आणि मग ते दूध बघूनच पळायला लागलं. गंमत बघा, मांजर आणलं उंदरांसाठी आणि चिंता सगळी दुधाची!

पण या म्हणींमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली आहे. शिंकं कशासाठी टांगायचे? दूध-दही-लोणी मांजरापासून वाचवायला. म्हणजे घरातलं दूध मांजराला मिळायचं ते बहुधा चोरून, सापडेल तेव्हा. हौसेने वाटीत घातलं तरी ते किती, तर घासभर. उंदरांच्या म्हणीही आपल्याकडे आहेत, नाही असं नाही. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो म्हणतात. पण त्यात दया उंदराची. हे मांजराचं जेवण चाललंय, असं कुणी म्हटलं नाही.

आणि जेवण तर तेच होतं! नांदगावच्या आमच्या जुन्या घरात भिंतीत बळद होतं, बाजूला शेणाने लिंपलेल्या बाजरीच्या कणग्या. काहींच्या वाड्यात पेव असायचं. वरून कौलं, खाली मातीची जमीन. उंदरांना याहून चांगली धर्मशाळा कुठली? मांजर रात्रभर तिथेच. सकाळी आईने वाटीत काही घातलं, तर तो आपला त्याचा चहा!

उंदीर खाणाऱ्या मांजराची किंमत सरकारदरबारीही एकदा झाली होती. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे सगळ्या मुलखात पसरला. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो असायचाच. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे लोक. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे नक्की ठरल्यावर वऱ्हाडात अमरावतीला असलेले सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी गावागावांतली मांजरं मोजायला घेतली. ज्या गावात घरांच्या मानाने मांजरं पुष्कळ तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं. 1908 साली त्यांनी ते वैद्यकाच्या नियतकालिकात मांडलं आणि मांजरं पाळा असा आग्रह धरला. आता आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला लागू शकतो. तेव्हा तो उपाय काही निर्धोक नव्हता. पण मांजर कशावर जगतं, हे त्या साहेबाला बरोबर कळलं होतं.

याहून जुना पुरावा चीनमधला. क्वानहुकुन नावाच्या ठिकाणी सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या मांजरांची हाडं मिळाली. 2013 साली त्यांची तपासणी छापून आली. धान्याच्या खड्ड्यांना उंदरांनी बिळं पाडलेली, आणि मांजरं ते उंदीर खाणारी. पण त्यातल्या एकाच्या हाडांत मांस कमी आणि राळ्या-वरीसारखं धान्य जास्त निघालं. म्हणजे ते माणसांचं उष्टं खात असावं, किंवा कुणीतरी त्याला घालत असावं. (पुढे असं ठरलं की ती आपली घरची जात नव्हती, ठिपक्यांच्या रानमांजराची होती. असो.) मला मात्र वाचताना भाकरी कुस्करणारी कुणी चिनी आजीबाईच दिसली!

आता डॉक्टरांची बाजू. मांजराच्या पिल्लाला आईचं दूध पचतं, कारण दुधातली साखर फोडणारा पाचकरस त्याच्या आतड्यात असतो. अंगावरचं सुटलं की तो रस कमी होत जातो. मग दूध जास्त झालं की ती साखर तशीच पुढे जाते, आतड्यात आंबते, आणि पोट गडबडतं. सगळ्याच मांजरांना सारखा त्रास होतो असं नाही. दह्यात ती साखर थोडी कमी असते. आणखी गंमत म्हणजे मांजराला गोड चवच कळत नाही. ती चव ओळखणारा त्याचा जनुक निकामी आहे, हे 2005 साली कळलं. ते दुधावर जातं ते बहुधा त्यातल्या स्निग्धासाठी.

खरा प्रश्न पोटाच्याही पुढचा आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला लागतं. ते मांसमच्छीत असतं, भाकरीत नसतं, दुधात नावापुरतं. आपलं शरीर ते तयार करतं, मांजराचं पुरेसं करत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली दिसलं. 1987 साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातले पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच कमतरतेने मांजरांचं हृदयही ढिलं पडतं. आणि ही कुणाची मांजरं? डब्यातलं विकतचं खाणं खाणारी! मग कंपन्यांनी त्यात टॉरिन वाढवलं. तेव्हा आजीला अडाणी म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की कारखान्यांनाही हे कळायला 1987 साल उजाडावं लागलं.

आईच्या मांजरांना ते बळदात मिळत होतं. उंदराच्या मांसात टॉरिन भरपूर. भाचीचं मांजर चौथ्या मजल्यावर, फरशीच्या घरात. धान्य पिशवीतून येतं आणि डब्यात जातं. आमच्याकडेही आता बळद नाही, पत्र्याची कोठी आहे. उंदीर गेले, वाटी तेवढी राहिली. आईची वाटी जोडीची होती, आता तीच पूर्ण जेवण झाली. मी भाचीला सांगितलं, आजी तिच्या घरात बरोबर होती, डॉक्टर तुझ्या घरात बरोबर आहेत. आता जसं सांगतील तसं विकतचं खाणं दे, नाहीतर उकडलेली कोंबडी दे, पण त्यात काय कमी पडतं ते त्यांनाच विचार. आणि मांजर दोन दिवस जेवलं नाही तर घरगुती उपाय करत बसू नकोस, त्यात त्याचं यकृत बिघडतं.

एक मात्र आपल्या भागातल्या सगळ्यांसाठी. आपण पडलो कांद्याच्या मुलखातले. रस्सा म्हटला की कांदा-लसूण आलंच. उरलेला रस्सा भाकरीवर ओतून मांजराला घालायची पुष्कळ घरांत रीत आहे. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यातली भुकटी असो. लसणाचंही तेच. तेव्हा त्याचा तुकडा फोडणीआधीच, बिनमिठाचा, बाजूला काढून ठेवावा.