पिंपरी-चिंचवड : एमआयडीसीच्या आधी आणि नंतर

पिंपरी-चिंचवडचा इतिहास बहुधा एमआयडीसीपासून सांगितला जातो. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखाने आले, त्यांच्यामागून माणसे आली. परंतु पिंपरीतील पहिली मोठी नवी वस्ती कामगारांची नव्हती. ती निर्वासितांची होती. (थ्रेड)

त्याआधीची ओळख थोडक्यात. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे समाधिस्थान आणि चापेकर बंधूंचे गाव. पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही शेतीवर जगणारी खेडी. पवनेचे पाणी आणि मुंबई-पुणे लोहमार्ग ही या परिसराची जमेची बाजू.

१९४७ मध्ये पंजाब आणि बंगाल विभागले गेले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. पंजाबी वा बंगाली निर्वासिताला आपल्या भाषेचा प्रदेश निदान अर्धा तरी भारतात उरला होता. सिंधी माणसाला तोही उरला नाही. कल्याणजवळ उल्हासनगर, कोल्हापूरजवळ गांधीनगर आणि पुण्याजवळ पिंपरी येथे त्यांच्या वसाहती वसल्या. शेतजमीन नव्हती, नातेगोते विखुरलेले होते. उरला तो व्यापार. पिंपरीची बाजारपेठ त्यातून उभी राहिली. छावणी केव्हाच संपली, तरी 'पिंपरी कॅम्प' हे नाव लोकांच्या तोंडी कायम आहे.

पुढचा थर पेनिसिलिनचा. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील औषधकंपनी स्थापन झाली. कारखान्याबरोबर वसाहतही आली. म्हणजे एमआयडीसीचा पहिला भूखंड आखला जाण्यापूर्वीच पिंपरीत बाजार होता, कारखाना होता आणि परगावची माणसेही होती.

मग आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत १९६६ मध्ये टेल्को आली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर यांचे नाव या स्थापनेशी कायमचे जोडलेले आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून माणसांचा ओघ वाढवला. खानदेश, विदर्भ, कोकण आणि केरळातूनही लोक आले. १९७१ मध्ये एक लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. मधल्या काळात, १९८२ मध्ये, महानगरपालिका झाली होती.

या वाढीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उत्सवी इतिहासात क्वचितच येतो. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. आज 'प्राधिकरण' म्हटले की रुंद रस्ते आणि बंगले आठवतात. कामगाराची चाळ नव्हे. सुरुवातीच्या काळात जमिनी गेलेल्या कुटुंबांची साडेबारा टक्के परताव्याची मागणी मात्र दशकानुदशके रेंगाळली. २०२१ मध्ये खुद्द प्राधिकरणच विलीन करण्यात आले.

दरम्यान उद्योग उत्तरेकडे सरकले. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळपास दोन महिने शाइस्तेखानाला झुंजवले ते चाकण, एरवी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. नव्वदच्या दशकाअखेरीस तेथे बजाजचा प्रकल्प आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. महाळुंगे, निघोजे, कुरुळी ही नावे आता बसच्या पाट्यांवर आणि कंत्राटी कामगारांच्या बोलण्यात सापडतात. या वेळी मात्र ना एचएसारखी कंपनीची वसाहत आली, ना प्राधिकरण. जमीन गेलेल्या शेतकऱ्याने उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. त्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशाकडची मुले भाड्याने राहतात. कंत्राट संपले की खोली सोडतात, आणि त्यांतल्या अनेकांची नावे गावच्या मतदारयादीत कधी चढतच नाहीत.