पेठेचा कौल

शाहूपुरीतला माणूस मोती चौकाकडे निघाला की 'जरा गावात जाऊन येतो' म्हणतो. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी स्वतःच सातारा शहरात आली, पण हे 'गाव' काही तिच्याकडे सरकलं नाही. ते अजून राजवाडा, मोती चौक, 501 पाटी एवढ्यातच आहे. त्या गावात पूर्वीसारखी वर्दळ कशी आणायची, यावर साताऱ्यात पार्किंगपासून पेव्हर ब्लॉकपर्यंत सगळं बोलून होतं. हा प्रश्न आजचा वाटतो, पण पेठ वसवणं हे मराठी राज्यात रीतसर कामच होतं आणि त्याला एक कागद लागायचा. त्याचं नाव कौल.

ओसाड जागेवर बाजार उभा करायचा तर व्यापारी कशाला येईल? सरकार त्याला लेखी अभय द्यायचं. इतकी वर्षं जकात नाही, धंद्यावरचा मोहतर्फा नाही, वेठबेगारीला कुणी धरणार नाही, आणि मुदत संपली की कर हळूहळू चढवत न्यायचा. हे जमवून आणणारा तो शेटे. उदमी, साळी, तांबट, सोनार यांना तो बोलावून आणी, जागा नेमून देई. बदल्यात त्याला शेटेपणाचं वतन मिळे आणि बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाकडून मालाचा ठरलेला वाटा. पेठ भरली तर शेटे भरला, पेठ उठली तर तोही उठला. आजच्या सल्लागाराचं मानधन असं पेठेच्या भरण्यावर टांगलेलं नसतं, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

12 जानेवारी 1708 ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. आठ वर्षांपूर्वीच औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेऊन त्याचं नाव अजिमतारा ठेवलं होतं. महाराज पुढे गडावरून खाली उतरले आणि पायथ्याशी शाहूनगर वाढू लागलं. शहराचा पाया कसा पडला ते साताऱ्याची नावंच सांगतात. आठवड्याचे सातही वार पेठांना वाटून दिलेत, शिवाय चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ, केसरकर. रामाचा गोट आणि पंतांचा गोट ही नावं तर थेट छावणीतली, कारण गोट म्हणजे लष्कराचा तळ. आधी शिपाई उतरला, त्याच्यामागे वाणी आला, मग दोघांचीही घरं झाली. यवतेश्वराच्या डोंगरातून पाणी आणून हौद-तळ्यांत सोडलं. कौलाने माणूस येतो खरा, पण राहतो तो पाण्यामुळे.

पेठेला दुसऱ्यांदा जोर दिला तो छत्रपती प्रतापसिंहांनी. 1818 नंतर हातात राज्य थोडं आणि वर इंग्रजांचा रेसिडेंट, पण या माणसाने तेवढ्यातही शाळा काढली, छापखाना घातला, महाबळेश्वरपर्यंत रस्ता नेला. (तिथे नव्याने वसलेल्या बाजाराला मुंबईच्या गव्हर्नरचं नाव मिळालं तेही माल्कम पेठ! पेठेवाचून बाजार कसा, हे साहेबालाही मान्य असावं.) बाजाराच्या वरच्या टोकाला राजवाडा उभा राहिला. वाड्यात दरबार आणि समोर दुकानं, म्हणजे अर्ज घेऊन आलेला माणूस जाताना लुगडं घेऊन जाणार. 1839 मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, 1848 मध्ये त्यांच्यामागे गादीवर आलेले भाऊ आप्पासाहेब वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. दरबार गेला. तरी पेठ पडली नाही, कारण राजवाड्याच्या वास्तूत कचेऱ्या, न्यायालय आणि शाळा आली. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं ते राजवाड्यातल्या याच शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये. माणसांना तिथे यायला काही काम उरलं होतं, एवढं पेठेला पुरेसं होतं.

दरम्यान पूर्वेला इंग्रजांचा कॅम्प पडला होता. त्याचा बाजार तो सदर बझार. शहराचं वजन तिकडे सरकू लागलं ते तेव्हापासून, मोटारी आल्यानंतर नव्हे. रेल्वे आली ती दूर सातारा रोडला. पुढे एसटी स्टँड पोवई नाक्याजवळ झालं, महामार्ग त्याही पलीकडून गेला, आणि शेवटी न्यायालयानेही राजवाडा सोडला. ओढ उलटी फिरवणारं एकच मोठं नाव आठवतं, कर्मवीर भाऊराव पाटलांचं. 1924 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था साताऱ्यात आणली, धनिणीच्या बागेत बोर्डिंग चालवलं, आणि खेड्यापाड्यांतली पोरं शहरात राहायला आली. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी वरचा राजपथ आणि खालचा कर्मवीर पथ. ही वाटणी मला फार रास्त वाटते.

पण पेठेचं खरं नुकसान रस्त्यावर झालंच नाही, ते माडीवर झालं. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हा वाड्याचा हिशेब. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं जागच्या जागी थिजलं. भाडेकरू हलेना, मालक कौलं शाकारेना. वासे कुजले, भाऊबंदकीने मिळकतीचा उतारा लांबला, पोरं पुण्याला गेली. 1999 मध्ये नवा कायदा झाला, तोवर बऱ्याच वाड्यांचा चौक आभाळाला उघडा पडला होता.

त्यानंतरचे उपाय बहुतेक वाहनांसाठीच झाले. पोवई नाक्यावर 2021 मध्ये ग्रेड सेपरेटर सुरू झाला. नाक्याची कोंडी फुटली, पण गाडी लवकर पुढे गेल्याने गिऱ्हाईक दुकानात येतंच असं नाही. 2024 मध्ये शिवरायांची मानली जाणारी वाघनखं आली ती स्टँडजवळच्या संग्रहालयात. बाहेरगावचा माणूस नखं बघून, कंदी पेढे घेऊन तिथूनच महामार्गाला लागला असेल तर त्याला दोष कसा देणार? शेजारच्या सांगलीच्या पेठांचं दुखणं आणखी वेगळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि हरभट रस्त्यावर होड्या चालल्या. तिथे पेठ राखायची तर आधी नदीशी बोलावं लागतं. साताऱ्याच्या पेठा उतारावर आहेत, त्यांना ती भीती नाही. कास तलावाचं पाणी अजूनही उताराने शहरात येतं.

मग करायचं काय? नवी कमान नको, कौल द्या. जुना वाडा दुरुस्त करून जो स्वतः वर राहील त्याला काही वर्षं घरपट्टी माफ, मग चढत्या दराने. दुकानामागून माडीवर जाणारा जिना ज्यांनी मोडला त्यांनी तो परत बांधला तर परवाना एका खेपेत. राजवाड्यात रोज माणूस येईल असं एखादं कार्यालय, निदान एखादी अभ्यासिका. आणि हे बघणाऱ्याचं मानधन शेट्यासारखं, पेठ भरेल तसं.

संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर भेळेच्या गाड्यांचे दिवे लागतात, उभं राहायला जागा नसते. तिथून मोती चौकाकडे चालत यावं आणि मान वर करून बघावं. खाली दुकानं लख्ख. वरच्या खिडक्यांच्या गजांतून दिसतात ती साड्यांची रिकामी खोकी, आणि एखाद्याच माडीवर, वाळत घातलेली लहान मुलाची झबली.