दुष्काळातील भावंडे

बोरसी हे गाव आज दुर्ग-भिलाईच्या नागरी विस्तारात मिसळून गेले आहे. या मुलुखात भाद्रपद महिन्यात 'तीजा' हा सण येतो. त्या वेळी भाऊ बहिणीच्या सासरी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. आई-वडील हयात नसले तरी भाऊ आहे तोवर बहिणीला माहेर आहे, ही या प्रथेमागची समजूत होय. आपल्याकडील भाऊबीजही हेच सांगते. परंतु आपला भाऊ कोठे आहे हेच ज्या बहिणीला ठाऊक नाही, तिने कोणाची वाट पाहावी? छत्तीसगडच्या इतिहासात हा प्रश्न एका संपूर्ण पिढीपुढे उभा राहिला होता.

दुर्ग हा त्या काळी रायपूर जिल्ह्याचा भाग होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९०६ साली झाला. भाताच्या एकाच पिकावर विसंबलेल्या या प्रदेशावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ कोसळले. दुसरा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून लोकांनी त्याला 'छप्पन्या' म्हटले. सरकारने दुष्काळी कामे काढली, अन्नछत्रे व अनाथगृहे उघडली. दुष्काळ ओसरल्यावर ज्या मुलांना नातलग उरले नव्हते, त्यांतील बरीच मुले मिशनऱ्यांच्या अनाथालयांत गेली. बिश्रामपूर येथे १८६८ पासून जर्मन धर्मोपदेशकांचे ठाणे होते; धमतरी येथे १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशन आले.

या संस्थांनी असंख्य जीव वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु मुलगे एकीकडे व मुली दुसरीकडे, हीच त्या काळच्या अनाथालयांची सर्वसाधारण रीत होती. दुष्काळाच्या कारभारात माणसे मोजली जातात. नाती मोजली जात नाहीत. चार भावंडे म्हणजे चार तोंडे, चार शिधे, चार नोंदी. त्या चार नोंदींना जोडणारा धागा कारकुनाने लिहिला नाही, तर लहान मुलाच्या स्मृतीत तो किती काळ टिकणार? गावाचे नाव विसरते, आईचे नाव 'आई' एवढेच उरते.

भावंडाच्या सोबतीचे मोल पंडिता रमाबाईंइतके क्वचितच कोणी जाणले असेल. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आई-वडील व थोरली बहीण निवर्तली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघेच उरली. उपाशीपोटी, अनवाणी, हिंदुस्थानभर पायपीट करीत ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंचा जो गौरव केला, त्याच्या पाठीशी या बंधूची सोबत होती. १८८० साली श्रीनिवास वारले. पुढे १८९७ साली याच रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळी भागात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयाखाली आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार तेथून झाला. पुढे तेथे मुलग्यांचीही सोय करण्यात आली.

कायद्याला मात्र हे नाते ओळखण्यास फार काळ लागला. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भावंडांची ताटातूट करू नये आणि ती करावीच लागली तर त्यांचा परस्परसंबंध राखण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत, असे त्यांत सांगितले आहे. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ४४ वे कलम, संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात देताना भावंडांना एकत्र ठेवण्याचा वाजवी तो सर्व प्रयत्न व्हावा, असे सांगते. एकत्र राहणे मुलांच्या हिताचे नसेल तेवढाच त्याला अपवाद.

परंतु मुलग्यांची व मुलींची बालगृहे वेगळी असतात, आणि वय वाढले की मूल एका गृहातून दुसऱ्या गृहात जाते. अशा वेळी एकत्र ठेवणे शक्य नसले तरी संबंध राखणे शक्य असते. त्याला फार द्रव्य लागत नाही. प्रत्येक मुलाच्या कागदपत्रांत त्याच्या भावंडांची नावे व ठिकाणे असावीत. एकाची बदली झाली की दुसऱ्यास ती कळवावी. महिन्यातून एखादी भेट आणि सणाचा एक दिवस राखून ठेवावा. हे काम दयेचे खरे, पण त्याहून अधिक दप्तराचे आहे. दया दुष्काळाबरोबर येते आणि ओसरते. नीट ठेवलेली नोंद मात्र पन्नास वर्षांनीही भावाला बहिणीच्या दाराशी आणून उभी करू शकते.