केळ्याच्या सालीचं श्रेय

ऑर्किडला तांदळाचं धुवण घाला, केळ्याची साल तीन दिवस भिजवून ते पाणी द्या, म्हणजे दांडा येतो, हे मत आता इतकं रूढ झालंय की त्याला विरोध करणारा रासायनिक खतांचा दलालच ठरतो. तो आळ पत्करून लिहितो.

पूर्वपक्ष दुबळा नाही. ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात, तेव्हा पोषक माध्यमात शहाळ्याचं पाणी, कुस्करलेलं केळं खरोखरच मिसळतात. मग बाटलीत चालतं ते कुंडीत का नको? कारण ते माध्यम १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक केलेलं असतं. आतल्या इवल्या रोपाला साखर बाहेरून द्यावी लागते आणि ती पळवायला तिथे दुसरं कुणी नसतं. उघड्या कुंडीत तीच साखर आधी बुरशीच्या आणि जिवाणूंच्या तोंडी जाते. ती खाताना ते कुंडीतलं उरलंसुरलं नत्रही गिळतात, आणि ऑर्किड उपाशीच राहतं.

दुसरा युक्तिवाद रानाचा. सह्याद्रीत आंब्याजांभळावर वाढणाऱ्या आमरीला, सीतेच्या वेणीला कोण खत घालतं? कुजका पाचोळाच ना! (ही बांडगुळं नव्हेत, झाडाचा रस ती शोषत नाहीत. पण अजून कित्येक जण त्यांना बांडगूळ म्हणून ओरबाडतात.) खरं आहे, पण तिथला पाचोळा मूठभर, त्यावरून पावसाळाभर पाणी निथळतं आणि उघडीप मिळाली की वारा मुळं सुकवतो. आमरीच्या मुळावर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवट. पाणी झटकन टिपायचं आणि लवकर सुकायचं, हा त्याचा धर्म. धुवणातलं पीठ कुंडीत साचून आंबतं, चिलटं घोंगावतात, आणि कायम ओली राहिलेली मुळं सडतात.

‘पण आमच्याकडे आली ना फुलं!’ आली असतील. रोपवाटिकांत सर्रास मिळणारं फॅलेनॉप्सिस काही आठवडे २५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालचा गारवा मिळाला की दांडा काढतं. पुण्यात दसऱ्याला साल घातली, डिसेंबरात दांडा दिसला: शुद्ध काकतालीय न्याय. मुंबईच्या उकाड्यात त्याच सालीने काही घडत नाही, तेव्हा ‘साल नीट भिजली नसेल’ हे उत्तर तयार असतं.

मग स्वयंपाकघरातलं काहीच नको? साली आणि चहाचा चोथा कंपोस्टच्या डब्यात जाऊ दे. पुरतं कुजून मातीचा वास आला की जास्वंदीला घाला. धुवण द्यायचंच तर त्याच दिवशीचं, गाळून, दसपट पाण्यात. दुसऱ्या दिवशी कुंडी साध्या पाण्याने खळखळून धुवा. अपाय टळेल, उपकारही बेताचाच होईल. अंड्याचं टरफल पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांच्या कुंडीत चुना आधीच भरपूर असतो.

ऑर्किडचं पोट भरायला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी ओल्या केलेल्या मुळांवर घाला. कृषी सेवा केंद्रात मिळतं. आठवड्याला एक लिटर पाणी धरलं तर किलोची पिशवी ३८ वर्षं पुरेल. सोसायटीत वाटून घ्यावी.