खेकडा थंड की उष्ण?

आमच्याकडे सर्दी झाली की खेकड्याचा झणझणीत रस्सा प्यायचा. का, तर खेकडा उष्ण! यात शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. मग कुठेतरी वाचलं की चिनी लोक खेकडा पक्का थंड मानतात आणि तो पोटाला बाधू नये म्हणून सोबत आलं खातात. आली का पंचाईत? खेकडा तोच, मग चुकतंय कोण?

या नादात दोन-तीन रविवार गेले. जे हाती लागलं ते असं.

'चौ-ली' या प्राचीन चिनी ग्रंथात दरबारी वैद्यांचे चार प्रकार सांगितलेत. पहिला मान आहारवैद्याचा. रोग बघणारे, जखमा बघणारे आणि गुरांचे वैद्य त्याच्या मागून. हान काळातल्या 'ह्वांगदी नेइजिंग'च्या 'लिंगशू' भागात तर माणसांचे चक्क २५ प्रकार आहेत. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं आणि प्रत्येकाचे पाच पोटभेद. आपल्या वात-पित्त-कफाची आठवण येतेच.

सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ (मृत्यू इ.स. ६८२) म्हणायचे, आधी रोगाचं कारण ओळखा, मग आहाराने उपचार करा, त्याने भागलं नाही तरच औषध द्या. रातांधळेपणावर ते कलेजी खायला सांगत. कलेजीत 'अ' जीवनसत्त्व भरपूर असतं हे जगाला कळायला विसावं शतक उजाडावं लागलं! पुढे १३३० साली मंगोल दरबारातल्या हू सिहुई यांनी आहारावर ग्रंथ लिहिला, त्यात पानोपानी मटण. बादशहालाच मटण आवडत असेल तर ते मानवत नाही हे सांगणार कोण? :)

आज चीनमध्ये जे नऊ प्रकृतींचं कोष्टक चालतं, ते मात्र २००९ सालचं. वांग छी या प्राध्यापकांच्या कामावर आधारलेलं. साठ प्रश्नांची प्रश्नावली भरायची आणि आपला प्रकार काढायचा. हातपाय गार पडतात? मटण, आलं खा. तळहात तापतात, तोंड कोरडं पडतं? नासपती खा. आपण प्रकृती जन्मजात मानतो. वांग छींच्या मते ती आहार-विहाराने बदलता येते.

म्हणजे 'हजारो वर्षांचं ज्ञान' म्हणून आपण जे डोळे मिटून पाळतो, त्याच्याही आवृत्त्या निघत आल्यात. २५ चे ९ झाले. थंड-उष्ण हा काही थर्मामीटरने मोजायचा गुण नाही, ती त्या त्या समाजाने बसवलेली घडी आहे. म्हणून प्रश्नावलीच्या भरवशावर कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. पण 'तुला काय मानवतं?' हे औषधाआधी विचारायची सुन सिमियाओंची सवय मला फार आवडली. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये हे शेवटचं कोणी कधी विचारलं होतं, आठवतंय?

असो. खेकड्याचं म्हणाल तर आमच्या रश्श्याच्या वाटणातही आलं असतंच. ते थंडावा मारायला घालतात, आम्ही उष्णता वाढवायला. भांडण मिटलं!