गोळी की संवाद? गोव्यातील दोन प्रयोगांचा इतिहास

१/१२
छातीत धडधड, उडालेली झोप, सतत अंगदुखी. तपासण्या मात्र निर्दोष. अशा चिंताग्रस्त रुग्णाला गोळी द्यावी की त्याच्याशी बोलावे? या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात अनेक दशके वाद चालला. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारी, गोव्यात लिहिला गेला. त्याचा हा धागा.

२/१२
प्रथम गोळीचा पक्ष. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. याच वनस्पतीपासून मिळणारे रेसर्पिन पुढे मनोविकारांतही शामक म्हणून वापरले गेले. अमेरिकेत १९५५ मध्ये मिलटाउन, १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. चिंतेवर गोळी घेणे नित्याचे झाले. तिची सवय जडते, हे पुरते उमगायला मात्र बराच काळ गेला.

३/१२
आता दुसरा पक्ष. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि आरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांची तपासणी करणारे संवादोपचार विकसित केले. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी पतंजलीच्या संकल्पनांवर आधारलेली बिनऔषधी पद्धत अभ्यासत होते. त्यांचे निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

४/१२
हा सारा वाद तज्ज्ञांच्या वर्तुळातला. सामान्य रुग्ण तिथवर पोहोचतच नव्हता. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जाई, ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगे आणि जीवनसत्त्वाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेऊन परते. त्याच्या चिंतेला नाव मिळत नसे. मग उपचार कुठून मिळणार?

५/१२
१९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगथ’ ही संस्था स्थापन केली. चिंता आणि नैराश्य हे विकार बहुधा एकत्रच आढळतात. म्हणून संशोधकांनी दोहोंचा विचार ‘सामान्य मानसिक विकार’ या एकाच नावाखाली केला.

६/१२
पहिला प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातील जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतून ४५० रुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले: एकाला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यरोधक, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी निष्प्रभ गोळी, तर तिसऱ्याला समुपदेशनाच्या कमाल सहा बैठका.

७/१२
दोन महिन्यांनंतर औषध सरस ठरले. समुपदेशन मात्र निष्प्रभ गोळीपेक्षा अधिक परिणामकारक आढळले नाही. संवादावर श्रद्धा असणाऱ्यांना हा धक्काच होता. ‘गोळी पुरे’ असे म्हणून विषय इथेच मिटवता आला असता. संशोधकांनी निष्कर्ष लपवला नाही आणि संवादही सोडला नाही. त्यांनी पुढच्या प्रयोगाची रचनाच बदलली.

८/१२
हा दुसरा प्रयोग म्हणजे ‘मानस’. १२ सरकारी केंद्रे, १२ खासगी दवाखाने आणि २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले. औषध देण्याचे काम नेहमीच्या डॉक्टरांकडे राहिले आणि देखरेख मानसोपचारतज्ज्ञाकडे.

९/१२
उपचार पायरीपायरीने दिले जात. आधी आजार समजावून सांगणे आणि श्वसनाचे व्यायाम. तेवढ्याने भागले नाही, तर औषध किंवा नातेसंबंधांतील अडचणींवर केंद्रित संवादोपचार, तरीही गुण न आल्यास दोन्ही एकत्र, शेवटी तज्ज्ञ. गोळी आणि संवाद आता प्रतिस्पर्धी उरले नव्हते.

१०/१२
२०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत बरे झालेल्यांचे प्रमाण नव्या पद्धतीने सुमारे ६६ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. तिथे डॉक्टर सहसा तोच असतो, घरच्यांनाही ओळखतो; कदाचित संवादाचा काही भाग तिथे आधीपासूनच घडत असावा.

११/१२
मग दोन्ही उपचार सर्वांनाच एकत्र द्यावेत का? इतिहास सावध करतो. अमेरिकेत २००८ च्या अभ्यासात ४८८ चिंताग्रस्त मुलांपैकी एकत्रित उपचार मिळालेल्यांत सुमारे ८१ टक्के सुधारले. केवळ संवादाने ६० आणि केवळ सर्ट्रालिनने ५५ टक्के. पण २००० सालच्या पॅनिक विकारावरील अभ्यासात उपचार थांबवल्यानंतर केवळ संवादोपचाराचा गुण अधिक टिकला. सोबत इमिप्रामिन घेतलेल्यांत तो तितका टिकला नाही. संयोग केव्हा उपयोगी, हे आजार, वय आणि व्यक्ती पाहूनच ठरते. म्हणूनच सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

१२/१२
१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली; क्रमांक १४४१६. नावाचे साम्य सोडले, तरी गोव्याचा धडा तिलाही लागू पडतो. करवीर तालुक्यातील उचगावसारख्या गावात प्रत्येकाच्या दारी मानसोपचारतज्ज्ञ पोहोचणे कठीण. पण डॉक्टरने योग्य औषध लिहावे आणि जवळच्याच एखाद्या प्रशिक्षित व्यक्तीने शांतपणे ऐकून घ्यावे, एवढे शक्य आहे. गोव्यातील सरकारी केंद्रांत ते घडले, आणि तिथे रुग्ण अधिक संख्येने बरे झाले.