महाराष्ट्र संघाचे थोर खेळाडू : क्रम कसा लावावा?

आंबेगाव-जुन्नरच्या मुलखात 'घाट' म्हटले की डोंगरातल्या वाटेआधी बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट आठवतो. यात्रेच्या दिवशी एकेक गाडा एकटा सुटतो, चढण चढून जातो, आणि घड्याळ त्याचे सेकंद सांगते. तेवढ्यावर त्या दिवसाचा निकाल लागतो. परंतु संध्याकाळी पारावर दुसराच वाद सुरू होतो. यंदा या घाटात पहिला आलेला गाडा मोठा, की आजोबांच्या वेळी दुसऱ्या गावच्या घाटात गाजलेला गाडा मोठा? तेथे घड्याळ कामी येत नाही. दोन घाटांची लांबी सारखी नसते, चढ सारखा नसतो, आणि ते जुने बैल आता पुन्हा जुंपता येत नाहीत.

घोडेगावच्या श्रोत्यांपुढे आज जो विषय आम्ही घेतला आहे, तो नेमका या जातीचा आहे. महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाच्या इतिहासात सर्वांत मोठे खेळाडू कोण, आणि त्यांचा क्रम कसा लावावा? प्रश्न करमणुकीचा वाटेल. परंतु क्रम लावणे म्हणजे न्याय करणे होय, आणि या संघाच्या बाबतीत काही न्याय अद्याप व्हावयाचे राहिले आहेत, असे आमचे मत आहे.

प्रथम संघ कोणता, ते स्पष्ट करू. रणजी करंडकाची स्पर्धा 1934-35 च्या हंगामात सुरू झाली. आजच्या आपल्या राज्यातून या स्पर्धेत तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. पुणे जिल्हा महाराष्ट्र संघात मोडतो. म्हणून घोडेगावच्या एखाद्या मुलाला उद्या या स्पर्धेत खेळण्याची वाट चोखाळावयाची झाली, तर ती याच संघातून जाते. मुंबईच्या नावावर विजयांची रास आहे. आपला संघ 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा विजेता ठरला. पुढे 1971, 1993 आणि 2014 साली तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा हरला. अशा संघातील माणसांची थोरवी नुसत्या करंडकांवरून मोजता येत नाही.

मग कशावरून मोजावी? आम्ही तीन कसोट्या धरल्या आहेत. पहिली, जे काम या संघासाठी झाले तेवढेच धरावयाचे. देशासाठी केलेला पराक्रम वेगळ्या वहीत लिहावयाचा. दुसरी, समोर कोण होते ते पाहावयाचे. तिसरी, तो माणूस नसता तर संघाचे काय झाले असते, हे स्वतःला विचारावयाचे.

या तिन्ही कसोट्यांना उतरून पहिला क्रम दिनकर बळवंत देवधर यांचा लागतो. 1892 साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. ते सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. 1926 साली इंग्लंडहून एम. सी. सी.चा संघ आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून त्यांनी 148 धावा काढल्या. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला, त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटीचा दरवाजा उघडला तो त्यांना उशिराच, आणि ते आत कधीच गेले नाहीत. दुसरा एखादा माणूस येथे बॅट खुंटीला टांगता. देवधरांनी पुढे महाराष्ट्राचे कर्णधारपद सांभाळले आणि दोन्ही करंडक त्यांच्याच हाताखाली आले. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा पुण्यात पराभव झाला, दुसऱ्या वर्षी मद्रासचा मद्रासेत. 1940-41 च्या हंगामात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने 675 धावा केल्या. मुंबईचे उत्तर 650 वर थांबले. त्या 675 मध्ये 246 धावा पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या प्राध्यापकांच्या होत्या. सामना पंचवीस धावांच्या आघाडीवर ठरला. आता आमची तिसरी कसोटी लावून पाहा : त्या 246 काढून टाकल्या तर काय उरते?

दुसरा क्रम विजय हजारे यांचा. 1915 साली सांगलीत जन्मलेल्या या अबोल माणसाने 1939-40 च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. पहिल्या करंडकाचे ते वर्ष. पुढे ते बडोद्याकडे गेले. 1948 साली अ‍ॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत त्यांनी शतके ठोकली, आणि 1952 साली मद्रासेत भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. सर्व हिशेब एका वहीत मांडला तर ते देवधरांच्याही पुढे जातील. परंतु आमची वही एकट्या महाराष्ट्र संघाची आहे, आणि तीत हजाऱ्यांची पाने थोडी आहेत. ती थोडी पानेही दुसऱ्या क्रमाला पुरतात, हीच त्यांची थोरवी.

तिसऱ्या जागेपाशी आम्ही पुष्कळ अडखळलो. भाऊसाहेब निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. 1948 च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडचा संघ 238 धावांत बाद झाला. मग निंबाळकर खेळावयास आले आणि कमल भांडारकरांच्या साथीने त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावा जोडल्या. भांडारकर 205 वर गेले; निंबाळकर थांबले नाहीत. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या तेव्हा ते 443 वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा 452 चा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर आला होता. त्याच वेळी काठेवाडच्या कर्णधारांनी, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्याचे नाकारले आणि सामना सोडून दिला. नऊ धावा काढावयाच्या राहिल्या त्या राहिल्याच.

समोरचा संघ दुबळा होता, ही गोष्ट आमच्या दुसऱ्या कसोटीनुसार निंबाळकरांच्या विरुद्ध जाते, आणि ती लपवून चालणार नाही. तरीही दुबळ्या गोलंदाजीपुढे शेकडो फलंदाज खेळले. त्यांच्यापैकी 443 पर्यंत कितीजण गेले? भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीच्या सामन्यात एका डावात याहून मोठी धावसंख्या आजवर केलेली नाही. आणि या माणसाला एकही अधिकृत कसोटी सामना मिळाला नाही. 2012 साली, वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी व्हावयास एक दिवस उरला असता, ते गेले. निवड करणाऱ्यांच्या वहीत त्यांचे नाव कधी चढलेच नाही. निदान आपल्या वहीत तरी ते तिसऱ्या ओळीत असावे.

चौथे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. सदाशिव, म्हणजे सदू, शिंदे हे लेगस्पिन गोलंदाज. 1943-44 साली मुंबईत विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा केल्या. रुसी मोदींसह त्यांनी सहाव्या गड्यासाठी 371 धावा जोडल्या. त्या डावात शिंद्यांनी पंचाहत्तरांहून अधिक षटके टाकली आणि 186 धावांत 5 गडी बाद केले. 186 हा आकडा दुरून लाजिरवाणा दिसतो. परंतु वीस वर्षांचा पोरगा मर्चंटांसारख्या फलंदाजापुढे षटकामागून षटक टाकत राहतो आणि निम्मा संघ उचलतो, हे ज्याने स्वतः दिवसभर उन्हात चेंडू टाकला आहे त्यालाच कळेल. फलंदाजाचा विक्रम सर्वांच्या तोंडी राहतो आणि त्याच डावातली गोलंदाजाची मेहनत विसरली जाते. शिंद्यांनी 1951 साली दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडचे 6 गडी 91 धावांत घेतले आणि 1955 साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा अंत झाला.

पाचवे चंदू बोर्डे. पुण्यात जन्मलेले बोर्डे भारताकडून 55 कसोट्या खेळले आणि त्यांत 3061 धावांबरोबर 52 बळी त्यांच्या नावे लागले. मध्यंतरी ते बडोद्याकडे होते. पण परत येऊन त्यांनी आपल्या संघाची सेवा केली. बॅट आणि चेंडू दोन्हींनी संघाला आधार देणारा असा दुसरा माणूस या यादीत नाही.

श्रोत्यांपैकी कोणी वसंत रांजण्यांचे नाव घेईल, आणि पहिल्याच सामन्यात हॅटट्रिकसह 35 धावांत 9 बळी घेणारा गोलंदाज यादीबाहेर कसा, असे विचारील. तरुण मंडळी केदार जाधवांच्या 2013-14 च्या हंगामातील 1223 धावा पुढे करतील, किंवा 2016 साली दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे व अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी केलेली 594 धावांची अखंड भागीदारी. हे सर्व दावे खरे आहेत. यादी बंद झाली, असे आमचे म्हणणे नाहीच.

आमचे म्हणणे एवढेच, की यादी करणाऱ्याने आपली कसोटी आधी सांगावी आणि नंतर नावे घ्यावीत. आम्ही लावलेल्या क्रमात पहिला आणि तिसरा, हे दोघेही कसोटी सामना न खेळलेले आहेत. हा क्रम देशाच्या यादीवरून उतरवला असता, तर दोघांनाही जागा मिळाली नसती. मोठी यादी मोठ्या रंगमंचाकडे पाहून होते; म्हणून लहान संघाने, लहान गावाने, आपली यादी आपण करावी लागते. ती दुसरा कोणी करून देत नाही.

तेव्हा येथून घरी जाताना आपण आमच्याशी अवश्य भांडावे. परंतु भांडण सेकंदांवर थांबवू नये. घाट कोणता होता, चढ किती होता आणि जू कोणाच्या मानेवर होते, तेही विचारावे.